कमी ऐकू येतंय? तरी घरची हाय-फाय सोडू नका: ठाणे-नवी मुंबईत सुरुवात करणाऱ्यांसाठी

वयामुळे, कारखान्यातल्या खडखडाटामुळे, ढोल-ताशा पथकात वर्षानुवर्षं वाजवल्यामुळे किंवा जन्मापासूनच ज्यांना कमी ऐकू येतं आणि तरीही घरी संगीत मन लावून ऐकायचंय, त्यांच्यासाठी हे लिहितोय. मी नौपाड्यात राहतो, दोन्ही कानांत मशीन लावतो आणि संध्याकाळी गाणं ऐकल्याशिवाय माझा दिवस पुरा होत नाही. दुकानात जाऊन ‘मला कमी ऐकू येतं’ म्हटलं की जास्त वॉटचा ॲम्प्लिफायर पुढे सरकवला जातो. आपली गरज मात्र वेगळी असते. आपल्याला मोठं नको असतं, स्पष्ट हवं असतं. त्यासाठी काय आधी करायचं आणि काय नंतर, हा क्रम फार महत्त्वाचा आहे. पैसे खर्च करायची वेळ यात जवळजवळ शेवटी येते. तिथवर पोचेपर्यंत घरातलीच सिस्टिम पुरेशी आहे असं लक्षात आलं, तर उत्तमच.

पहिलं काम: ऑडिओग्राम हातात घ्या

ऑडिओग्राम म्हणजे कानांच्या तपासणीनंतर मिळणारा एका पानाचा आलेख. तो नसताना इक्वलायझरला (आवाजाची खालची, मधली, वरची पट्टी वेगवेगळी कमी-जास्त करणारी सोय) हात लावणं म्हणजे नंबर न काढताच चष्मा विकत घेणं. आधी कान-नाक-घसा डॉक्टरांना दाखवा. कधी कधी नुसता मळ साठलेला असतो. मग ऑडिओलॉजिस्टकडून, म्हणजे ऐकण्याच्या तज्ज्ञांकडून, तपासणी करून घ्या. त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे ना, हे विचारायला अजिबात संकोचू नका. ठाण्यात, वाशीला, नेरूळला खासगी क्लिनिकं आहेत. सरकारी ठिकाणी जायचं असेल तर बांद्र्याची अली यावर जंग संस्था १९८३ पासून हेच काम करते आहे. ठाण्याहून दादरला गाडी बदलायची, नवी मुंबईहून हार्बर लाइनने वडाळ्याला. कुठेही गेलात तरी आलेखाची प्रत मागून घ्या. मशीन घ्या अगर नका घेऊ, तो कागद तुमचा आहे.

एक गोष्ट इथेच सांगून ठेवतो. एका कानाचं ऐकणं एका रात्रीत किंवा दोन-तीन दिवसांत एकदम गेलं, तर ‘सर्दीमुळे असेल’ म्हणत थांबू नका. त्याच दिवशी डॉक्टर गाठा. यात उपचाराचा उपयोग पहिल्या काही दिवसांतच जास्त होतो.

आता आलेख वाचू. डावीकडून उजवीकडे २५० ते ८००० हर्ट्झ, म्हणजे खालच्या आवाजांकडून वरच्या आवाजांकडे. वरून खाली डेसिबल. रेघ जितकी खाली, तितकं नुकसान जास्त. लाल गोल उजव्या कानाचे, निळ्या फुल्या डाव्या कानाच्या. २५ डेसिबलच्या आत रेघ असेल तर तेवढा भाग साधारण ठीक समजतात. वयामुळे ऐकणं कमी झालं असेल तर रेघ उजवीकडे उतरत जाते: १००० हर्ट्झला २०-२५, ४००० ला ६०, ८००० ला ७०, अशी काहीशी. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांत यंत्रांजवळ आयुष्य गेलेल्यांच्या किंवा पथकात वाजवणाऱ्यांच्या आलेखात ४००० च्या आसपास खड्डा दिसतो आणि ८००० ला रेघ पुन्हा थोडी वर येते.

संगीताच्या दृष्टीने याचा अर्थ काय? घाबरण्याइतका वाईट नाही. पियानोची सगळ्यात वरची पट्टी ४१८६ हर्ट्झची असते. आपले गायक ज्या सुरांत गातात ते बहुतेक सगळे १००० च्या खालीच असतात. म्हणजे उतरती रेघ असलेल्या माणसाचा सूर हरवत नाही, राग ओळखू येतो, समेवर मान हलते. हरवतं ते सुरांच्या वरचं: तानपुऱ्याची जवारी, तबल्याच्या चाटेवरची धार, टाळांचा रेंगाळणारा नाद, गायकाचा श्वास. आणि शब्दांतले स, श, च, फ. म्हणून ‘गाणं ऐकू येतं, पण शब्द कळत नाहीत’ ही तक्रार इतकी सर्रास असते.

ऑडिओलॉजिस्टना आणखी एक विचारा: मला कितीच्या वर आवाज सहन होत नाही? आतल्या कानाचं नुकसान झालं की हळू आवाज ऐकू येत नाहीत, पण मोठे आवाज मात्र पूर्वीइतकेच, कधी जास्तच टोचतात. ऐकू येणं आणि नकोसं होणं यांतली जागा अरुंद होते. व्हॉल्यूम वाढवून प्रश्न का सुटत नाही, याचं मूळ इथे आहे.

दुसरं: खोली शांत करा

याला काही खर्च नाही, म्हणून लोक याकडे दुर्लक्ष करतात. निरोगी कान पंख्याच्या घरघरीतून तानपुरा वेगळा काढू शकतो. आपल्या कानांना ते जमत नाही. ऐकायला बसाल तेव्हा एकाच ध्वनिमुद्रणाचं एकच मिनिट पुन्हा पुन्हा लावा आणि दर वेळी घरातली एकेक वस्तू बंद करा. आधी पंखा, मग एसी, मग स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट. फ्रिजचा कॉम्प्रेसर सुरू असताना आणि थांबल्यावर काय फरक पडतो, तेही ऐका. घोडबंदर रोड, पाम बीच किंवा सायन-पनवेल महामार्गाच्या बाजूच्या खिडक्या बंद करा, आणि शक्य असेल तर ऐकण्याची जागा आतल्या बेडरूममध्ये हलवा. हॉल मोठा असतो खरा, पण आपल्या इमारतींमध्ये रस्त्याकडे तोंड बऱ्याचदा त्याचंच असतं.

पावसाळ्यात खिडकीवरच्या पत्र्याच्या शेडवर सर कोसळते, तेव्हा तो आवाज नेमका आपल्याकडे आधीच कमी असलेल्या वरच्या पट्ट्या झाकून टाकतो. तशा संध्याकाळी स्पीकरशी झगडू नका. सरळ हेडफोन काढा.

मग घुमण्याचा प्रश्न. नव्या फ्लॅटमध्ये चकचकीत लाद्या, उघड्या भिंती, काचेच्या स्लायडिंग खिडक्या. खोलीच्या मध्ये उभं राहून एक टाळी वाजवा. तिच्यामागे झणझण उरत असेल तर तीच झणझण प्रत्येक शब्दाच्या शेपटीला चिकटते आहे. इथे उपाय करताना जरा जपून. पातळ पडदा फक्त वरचे आवाज शोषतो, आणि तेच तर आपल्याला हवेत. जाडजूड, भरीव वस्तू हव्यात: गादी, सोफा, पुस्तकांनी भरलेलं कपाट, दुहेरी घडी घातलेली गोधडी, जमिनीवर जाड सतरंजी. त्या कुठे ठेवायच्या याची एक सोपी युक्ती आहे. तुम्ही नेहमीच्या खुर्चीत बसा आणि घरातल्या कुणाला तरी बाजूच्या भिंतीलगत हातात आरसा धरून हळूहळू सरकायला सांगा. आरशात जिथे तुम्हाला स्पीकर दिसेल, तिथूनच त्याचा आवाज भिंतीवर आपटून तुमच्याकडे येतो. कपाट त्या जागी ठेवा.

तिसरं: जवळ बसा

टीव्हीच्या दोन्ही बाजूंना स्पीकर आणि समोरच्या भिंतीला टेकलेला सोफा, ही आपल्याकडची ठरलेली मांडणी. कमी ऐकणाऱ्यासाठी याहून वाईट मांडणी शोधावी लागेल. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने उतरतो. खोलीत थोडा कमी उतरतो, पण त्यात भिंतींवरून आलेला गढूळ आवाजच जास्त असतो. म्हणून खुर्ची पुढे ओढा. दोन स्पीकर एकमेकांपासून चारेक फुटांवर, तुम्ही दोघांपासून तितक्याच अंतरावर, स्पीकरचं तोंड किंचित आत तुमच्याकडे वळवलेलं, आणि ट्वीटर, म्हणजे वरचे आवाज काढणारा छोटा स्पीकर, बरोबर कानाच्या उंचीला. वरचे आवाज टॉर्चच्या झोतासारखे सरळ जातात, म्हणून ही उंची महत्त्वाची. डोक्यामागे भिंतीपासून दीड-दोन फूट जागा सोडा, नाहीतर खालचे आवाज फुगतात आणि वरच्या आवाजांना दाबून टाकतात. आपल्या कानांना ही दाबादाबी इतरांपेक्षा जास्त जाणवते.

एवढं केल्यावर व्हॉल्यूम कमीच करावासा वाटतो. घरातलेही खूश, शेजारीही खूश.

चौथं: इक्वलायझर, पण हात राखून

विंडोज कॉम्प्युटरवर इक्वलायझर एपीओ हा प्रोग्रॅम फुकट मिळतो. इंटरनेटवरून गाणी वाजवणाऱ्या बऱ्याच नेटवर्क प्लेअरमध्ये इक्वलायझर आतच असतो. जुन्या ॲम्प्लिफायरला बास आणि ट्रेबलची दोन बटणं असतील, तरी सुरुवात करता येते.

मशीन बसवताना एक जुना ठोकताळा असतो: नुकसानाच्या साधारण निम्मं वाढवायचं. स्पीकरला तो लावू नका. ३ डेसिबल वाढवले की त्या पट्टीत ॲम्प्लिफायरला दुप्पट ताकद द्यावी लागते, १० डेसिबलला दहापट. ट्वीटर नाजूक असतो, जळतो. शिवाय घरात बसलेल्या बाकीच्यांचे कान विटतात. स्पीकरसाठी माझं मत असं: कुठल्याही पट्टीत ६ डेसिबलच्या वर जाऊ नका, फारच गरज पडली तर ८.

सुरुवात वाढवण्याने करू नका, कमी करण्याने करा. २०० ते ४०० हर्ट्झमध्ये २-३ डेसिबल उतरवा. आवाजातला जडपणा जातो आणि वरचं आपोआप उघडं पडतं. मग २००० ते ४००० हा पट्टा १-१ डेसिबलने वाढवत न्या. शब्दांचा स्पष्टपणा इथेच असतो. त्यानंतर ४००० च्या वरचा भाग. कुठेही वाढवलं असेल तर सगळ्यात जास्त जितकं वाढवलंय तितकीच एकूण पातळी खाली आणायला विसरू नका. इक्वलायझरमध्ये त्यासाठी ‘प्रीॲम्प’ नावाची वेगळी पट्टी असते. हे केलं नाही तर डिजिटल सिग्नल वरच्या मर्यादेला आपटून फाटतो, आणि त्या फाटलेल्या आवाजाला आपण ‘माझ्या कानांचा दोष’ समजून बसतो.

ऐकताना काय ऐकायचं? माझी कसोटी साध्या अभंगाची: एक आवाज, पखवाज, पेटी आणि टाळ. टाळांकडे लक्ष द्या. उतरत्या रेघेच्या कानाला टाळ एखाद्या लाकडी ठोक्यासारखा, कोरडा लागतो. आघात कळतो पण मागचा नाद नाही. २००० ते ६००० चा भाग हळूहळू वर आणत गेलं की ठोक्याला एक बारीक शेपटी फुटते. आणखी थोडं वाढवलं की ती शेपटी पुढच्या ठोक्यापर्यंत पोचते. आणि त्याच्याही पुढे गेलं की ती टोचायला लागते. टोचलं की १ डेसिबल मागे या आणि तिथेच थांबा. मग त्याच जागेवर आठ-पंधरा दिवस ऐका. बरेच दिवस न ऐकलेले आवाज परत आले की मेंदूला सुरुवातीला ते खरखरीत वाटतात, नंतर अंगवळणी पडतात. रोज बटणं फिरवत बसलात तर ही सवय होणारच नाही.

ऑडिओग्राममध्ये वरच्या पट्ट्यांत ७० डेसिबलच्या पलीकडे नुकसान असेल तर तिथे वाढवून फारसं काही मिळत नाही. काही वेळा आतल्या कानाचा तो भाग कामच करत नसतो. तिथे सूर पाठवला तरी नुसती खरखर कळते. असा भाग आहे का, ते ऑडिओलॉजिस्ट तपासू शकतात. असेल तर तो तसाच सोडा आणि त्याच्या खालचा पट्टा स्वच्छ करण्यावर भर द्या.

दोन कानांत फरक असेल तर स्पीकरवर फक्त बॅलन्स थोडा सरकवा. एकाच कानाने ऐकणाऱ्यांनी फोनच्या ॲक्सेसिबिलिटी सेटिंगमध्ये जाऊन मोनो ऑडिओ (डावा-उजवा आवाज एकत्र करणारी सोय) सुरू करावा. आयफोन, अँड्रॉइड दोन्हींत तो असतो. स्टीरिओत एका बाजूला टाकलेला तबला नाहीतर कायमचा हरवलेला राहतो.

पाचवं: कानातलं मशीन आणि संगीत

मशीन मुळात बोलणं कळावं म्हणून घडवलेलं असतं, आणि त्या हुशारीचा संगीताला त्रास होतो. मशीनमधून येणारी शिट्टी थांबवणारी सोय बासरीच्या लांब सुरालाच शिट्टी समजते आणि सूर थरथरायला लागतो. गोंगाट कमी करणाऱ्या सोयीला तानपुरा पंख्यासारखा वाटतो; दोन्ही सलग वाजतात ना, म्हणून ती तो दाबते. वरचे आवाज खाली सरकवून ऐकवणारी सोय बोलण्याला काही जणांना उपयोगी पडते, संगीतात मात्र तीच बेसूर करते.

म्हणून ऑडिओलॉजिस्टना स्पष्ट सांगा: मला वेगळा म्यूझिक प्रोग्रॅम करून द्या, त्यात या तिन्ही सोयी बंद किंवा अगदी कमी ठेवा, माइक सगळ्या बाजूंनी ऐकणारे ठेवा आणि कॉम्प्रेशन (हळू-मोठ्या आवाजांतला फरक आवळणारी सोय) सौम्य ठेवा. जाताना फोनवर तुमच्या ओळखीचं ध्वनिमुद्रण आणि शक्य असेल तर एक छोटा स्पीकर घेऊन जा, आणि तिथल्या तिथे ऐकून फेरफार करून घ्या. ‘बोलणं बरोबर ऐकू येतंय ना?’ एवढ्यावर उठू नका. दोन-तीन फेऱ्या होतील, त्यात गैर काही नाही.

मशीन लावून ऐकताना गाणं जिथे जोरात वाजतं तिथे आवाज फाटत असेल तर एक उपाय लगेच करून बघा: स्पीकरचा आवाज कमी करा आणि मशीनचा वाढवा. मशीनच्या माइकमागच्या भागाला फार मोठा आवाज पेलत नाही, विशेषतः जुन्या मॉडेलमध्ये.

मशीन काढून ऐकावं का? नुकसान सौम्य असेल तर जवळ बसून, हलका इक्वलायझर लावून, मशीनशिवाय फार छान ऐकता येतं. मध्यम ते जास्त असेल तर मशीन ठेवा आणि इक्वलायझर जवळजवळ सपाट करा. दोन्हींनी एकाच पट्टीला वाढवलं तर काचेवर ओरखडे काढल्यासारखं ऐकू येतं.

ब्लूटूथने थेट मशीनमध्ये गाणं ऐकवता येतं. बातम्या आणि मुलाखतींना ते झकास आहे, पण संगीत पोकळ लागतं, कारण कानातला रबरी डोम उघडा असेल तर खालचे आवाज फटीतून निसटतात. बंद डोम किंवा कानाच्या मापाचा मोल्ड लावला की डग्गा परत येतो. स्वतःचा आवाज मात्र थोडा घुमतो. नवं मशीन घेणार असाल तर त्यात ऑराकास्ट आहे का, विचारा. २०२२ मध्ये जाहीर झालेल्या या ब्लूटूथ तंत्राने एका टीव्हीचा आवाज एकाच वेळी अनेकांच्या मशीनमध्ये किंवा हेडफोनमध्ये जाऊ शकतो.

हेडफोन

मोठ्या, कान पूर्ण झाकणाऱ्या कपांचे घ्या, म्हणजे कानामागचं मशीन आत मावतं. मागून उघडे असलेले हेडफोन घातले की मशीन कमी शिट्टी मारतं. घेण्याआधी स्वतःच्या मशीनवर घालून, डोकं हलवून बघा. मशीनशिवाय ॲपल किंवा बीट्सचे हेडफोन वापरणाऱ्या आयफोनवाल्यांनी ‘हेडफोन अकॉमोडेशन्स’ ही सेटिंग उघडावी; ती त्यांच्या ठरावीक मॉडेलवर चालते. तिला तुमचा ऑडिओग्राम देता येतो आणि त्यानुसार आवाज जुळवून मिळतो. अँड्रॉइडवर ‘साउंड ॲम्प्लिफायर’ आहे.

आवाजाची मर्यादा हेडफोनवर जास्त पाळायला हवी. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने प्रौढांसाठी आठवड्याला ८० डेसिबलवर ४० तास ही हद्द. त्यापुढे प्रत्येक ३ डेसिबलला वेळ निम्मा: ८३ ला २० तास, ८६ ला १०. स्पीकरसाठी फोनवरच्या मोजणीच्या ॲपने अंदाज घेता येतो. ‘आधीच गेलेत कान, आता काय जाणार’ हे वाक्य मी फार जणांकडून ऐकलंय. शिल्लक आहे ते जपायलाच हवं, कारण सगळं संगीत त्या शिल्लकीतच आहे.

आता खरेदी

सीडीपेक्षा सरस म्हणून विकल्या जाणाऱ्या ९६ किंवा १९२ किलोहर्ट्झच्या फायलींवर पैसे घालवू नका. सीडीचा ४४.१ किलोहर्ट्झचा दर सुमारे २२,००० हर्ट्झपर्यंतचा आवाज पोचवतो. आपले कान त्याच्या कितीतरी आधी थांबतात. पाच इंची वूफरचे (खालचे आवाज काढणारा भाग) साधे, टेबलावर मावणारे बुकशेल्फ स्पीकर, मधल्या पट्ट्या स्वच्छ असलेले, जवळ बसून ऐकणाऱ्याला पुरतात. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात जा किंवा घराजवळच्या दुकानात, पण गर्दी नसलेल्या सकाळी जा. स्वतःचं ध्वनिमुद्रण न्या आणि परत करण्याची किंवा घरी लावून बघण्याची सवलत आधीच ठरवून घ्या. दुकानातली खोली तुमच्या खोलीसारखी नसते. सोबत चांगलं ऐकणारं कुणीतरी असू द्या. कर्कशपणा त्यांना आधी कळतो. निवड मात्र तुमच्या कानांनी करा.

सिनेमा-मालिकांसाठी वेगळं सांगायचं तर एवढंच: साउंडबारमध्ये संवाद ठळक करणारी सोय सुरू ठेवा, ५.१ (पाच स्पीकर आणि एक सबवूफरची) सिस्टिम असेल तर मधला स्पीकर २-३ डेसिबल वर घ्या, आणि सबटायटल लावा.

पावसाळा आणि वर्षाची तपासणी

जून ते सप्टेंबर इथली हवा मशीनची शत्रू असते. रात्री मशीन सिलिका जेलच्या डबीत ठेवा. बॅटरी बदलण्याचं मॉडेल असेल तर बॅटरी आधी बाहेर काढा, डबीत ती लवकर सुकते. या झिंक-एअर बॅटरीवरचा स्टिकर काढला की तीन-पाच मिनिटं उघडी ठेवून मगच बसवा. हवा आत गेल्यावरच ती पूर्ण जोर धरते. रंग लक्षात ठेवा: १० नंबर पिवळा, ३१२ तपकिरी, १३ नारिंगी, ६७५ निळा.

इक्वलायझरचे आकडे आणि खुर्चीची जागा एका वहीत तारखेसह लिहून ठेवा. वर्षातून एकदा ऑडिओग्राम पुन्हा काढा आणि जुन्याशेजारी ठेवून बघा. एखाद्या पट्टीत १० डेसिबल किंवा त्याहून जास्त फरक दिसला, किंवा फरक एकाच कानात दिसला, तर बटणांना हात लावण्याआधी तो कागद घेऊन डॉक्टरांकडे जा.